रोज किती डोकी?

परवा आळेफाट्यावर माझी हजामत झाली. शब्दाच्या दोन्ही अर्थांनी झाली, म्हणून हा लेख.

रविवार होता. शनिवारी केस कापायचे नाहीत, अमावास्येला नाहीत, एकादशीला नाहीत, कित्येक घरांत सोमवारीही नाहीत. असं करत करत आपल्याकडे साऱ्या गावाचे केस रविवारीच वाढतात. दुकानात तीन खुर्च्या, तिन्ही भरलेल्या. बाकावर आठजण बसलेले, त्यातले सहा मोबाइलमध्ये मान घालून. उरलेले दोघं कांद्याच्या भावावरून हळहळत होते. मी नववा. मनाशी हिशेब केला की दीड तासाची निश्चिंती. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांत माझा नंबर लागला. केवढा आनंद झाला! तो आनंद पुढची अकरा मिनिटं टिकला.

अकरा मिनिटं हा अंदाज नव्हे. आरशाच्या वर घड्याळ होतं, आणि सारी उमेद बँकेत काढलेल्या माणसाची नजर घड्याळाकडे आपोआप जाते. पंचविशीतल्या त्या पोराने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, "काका, कसे कापू?" असं विचारलं आणि मी "मागून जरा बारीक, पण वरून..." एवढं म्हणेपर्यंत मशीन डाव्या कल्ल्यावरून वर चढलंसुद्धा. तीन नंबर लागला, मग दोन नंबर लागला. मध्येच त्याचा फोन वाजला, तो त्याने मान वाकडी करून खांद्यावर धरला. दारातून कुणीतरी डोकावून विचारलं, "किती वेळ?" तो म्हणाला, "बसा ना, दहा मिनिटं फक्त." ती दहा मिनिटं माझ्याच डोक्यातून वजा होणार होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कात्री वाजली ती अखेरची दीड-दोन मिनिटं. मग पावडरचा पफ, मानेमागे धरलेला आरसा, आणि मला त्यात काही दिसायच्या आत कापड झटकलेलं.

घरी पोचलो तर सौभाग्यवती म्हणाल्या, "उजव्या कानावर काय उंदराने कुरतडलं का?" पाहिलं तर कानावर एक खाच, डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धा बोट वर आणि भोवऱ्यापाशी चार केस शेंडीसारखे ताठ उभे. साठी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर आधीच भांडवल तुटपुंजं, त्यात हा तोटा.

आता कुणी म्हणेल, केसच ते, महिन्याभरात येतील. खरं आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. माझी खाच हा मजकूर छापून येईपर्यंत भरूनही आली असेल. तेवढ्यासाठी मी वर्तमानपत्राचं अर्धं पान अडवलं नसतं. पण त्या दिवशी पैसे देताना गल्ल्यामागच्या भिंतीवर हार घातलेला एक फोटो दिसला आणि माझा हात खिशातच थांबला. फोटो तात्यांचा होता.

तात्या म्हणजे आमच्या आळ्याचे न्हावी. त्या काळी गावात तोच शब्द होता, आणि तो उच्चारताना त्यात आदर किती आणि हेटाळणी किती, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असायचं. आम्हा मुलांसाठी मात्र ते नुसते तात्या. पंधरवड्यातून एकदा ते आमच्या ओट्यावर येऊन धोकटी सोडायचे. दोन वस्तरे, एक कात्री, हाताने दाबायचं मशीन, पितळी वाटी, तुरटीचा खडा, नखं काढायची नराणी आणि वस्तरा घासायचा चामडी पट्टा. आधी आजोबा, मग वडील, मग आम्ही भावंडं. आमचं डोकं ते दोन्ही गुडघ्यांत धरायचे आणि "मान वाकव रं" म्हणायचे. पण त्याच्याही आधी ते एक गोष्ट न चुकता करायचे. तळहात डोक्यावर सपाट ठेवायचे आणि सावकाश मागेपर्यंत फिरवायचे. कुणाचा भोवरा डावीकडे, कुणाला लहानपणी आंब्यावरून पडून खोक पडलेली, कुणाच्या मानेचे केस उलटे वाढतात, असा साऱ्या गावच्या डोक्यांचा खातेउतारा त्यांच्या तळहातात होता.

या तळहातामुळे माझे वडील वाचले. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. वडील शाळामास्तर. १९९१ची गोष्ट. तात्या कान मोकळे करत होते, ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, हे मागल्या खेपेला नव्हतं." कानामागे बोराच्या बीएवढी गाठ होती. वडिलांनी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला तात्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी अर्धे केस कापून कात्री खाली ठेवली आणि, "डाक्टरला दाखवून या, मग उरलेले कापतो," म्हणून ते चक्क उठून गेले. अर्ध्या कापलेल्या डोक्याने मास्तर शाळेत जाणार कसे? निमूटपणे पुण्याला गेले. गाठ काढली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. वडील त्यानंतर अठरा वर्षं जगले.

डोक्यावर ठेवलेल्या हाताचं माहात्म्य आम्हा आळेकरांना कुणी शिकवायला नको. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्या रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. आणि वारकऱ्यांच्या संतमेळ्यात सेना महाराज आहेत, ते तर नाभिकच. त्यांची कथा घराघरांत ठाऊक आहे. सेना भजनात रंगले, राजाच्या हजामतीची वेळ टळली, तेव्हा खुद्द विठ्ठलाने त्यांचं रूप घेऊन धोकटी काखेत मारली आणि राजवाड्यात जाऊन हजामत केली. उशीर झाला म्हणून देवाला स्वतः कामावर यावं लागलं, अशी ही कथा. आज देव आला असता, तर त्यालाही कुणी दारातून विचारलं असतं, "किती वेळ?"

असं लिहीत गेलं की लेखणी आपोआप 'पूर्वी किती छान होतं' या उताराला लागते. तिला इथेच ब्रेक लावतो, कारण पूर्वी सगळं छान नव्हतं.

तात्यांना आमच्याकडून दर खेपेला पैसे मिळत नसत. ते बलुतेदार. वर्षभर साऱ्या घराची डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. कुणी पायलीभर जास्त घालायचा, तर कुणी मापात हात आखडायचा. लग्नकार्यात न्हाव्याचा मान असायचा, तशी न्हाव्याची कामंही असायची, आणि ती न सांगता करायची असत. तात्या माझ्या डोक्याला निवांत अर्धा तास देत, याचं एक कारण त्यांचा जीव होता हे खरं. दुसरं कारण हे, की त्यांच्या वेळेला आम्ही काही किंमतच ठेवली नव्हती. फुकटची वस्तू माणूस सढळ हाताने वापरतो. आमचा तो निवांतपणा त्यांच्या खर्चाने होता.

आणि तो सगळ्यांना मिळतही नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की, साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, तरी या भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण घरीच ओट्यावर बसवून कापत असे, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. तो मायेचा तळहात कुणाच्या डोक्यावर फिरायचा आणि कुणाच्या नाही, हे गाव ठरवत असे. फाट्यावरच्या त्या घाईच्या दुकानात बाकावर जो आधी बसला त्याचा नंबर आधी लागतो, तो कुणाचा कोण हे खुर्ची विचारत नाही. रोख पैशाने आणि दुकानाच्या दाराने हे एक मोठं काम केलं आहे, ते नाकारणारा मी कोण?

हात आवरता घेण्याचा हक्कही या समाजाने झगडून मिळवलेला आहे. १८९०मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवली आणि यापुढे विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवलं. सत्यशोधक चळवळीची त्यामागे प्रेरणा होती आणि कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. ज्यांच्या वस्तऱ्याला 'नाही' म्हणायची मुभा नव्हती, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. कुणाच्या तरी बाईच्या अब्रूसाठी आपल्या हातचं काम सोडणारी ती माणसं होती. तेव्हा तात्यांच्या नातवाने बलुत्याच्या काळात परत जावं, असं मला चुकूनही म्हणायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे की, तो काळ मागे टाकताना तळहातही मागे का राहिला?

याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. ते माझ्याच जुन्या सहीखाली सापडलं.

१९८७ साली मी तालुक्यातल्या एका शाखेत ग्रामीण कर्जाचा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हैस, शिलाई मशीन, किराणा, जे मागाल त्याला कर्ज आणि कारागीर असाल तर एक तृतीयांश अनुदान. तात्यांचा मुलगा अर्ज घेऊन आला. त्याला आळेफाट्यावर दुकान टाकायचं होतं. जागा नेमकी होती. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाटाने नगरकडे जाणारा रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. एसटी थांबते, ट्रक थांबतात, कांद्याचा बाजार भरतो. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता.

अर्जाच्या छापील नमुन्यात अपेक्षित उत्पन्नाचा रकाना होता. मी विचारलं, "रोज किती डोकी?"

तो म्हणाला, "बाबा सात-आठ करतात, साहेब."

मी गुणाकार केला. सात-आठ डोक्यांत हप्ता बसेना. हप्ता बसला नाही तर प्रकरण मंजूर होत नाही, आणि प्रकरणं मंजूर झाली नाहीत तर मार्चअखेरीला माझं लक्ष्य पुरं होत नाही. मी रकान्यात 'पंधरा' लिहिलं. त्याच्याकडे पाहून म्हणालो, "होतील ना पंधरा?" समोर साहेब बसलेला, कर्जाची गरज आपली. तो म्हणाला, "करावीच लागतील."

कर्ज वेळेवर फिटलं. माझ्या अहवालात ते यशस्वी प्रकरण म्हणून गेलं आणि वरिष्ठांनी पाठही थोपटली. सातची पंधरा करताना हातातून काय सुटलं, त्याचा रकाना नमुन्यात नव्हता. तात्या त्या दुकानात फारसे रमले नाहीत. मुलगा म्हणायचा, "बाबा, एका डोक्याला एवढा वेळ लावला तर बाकावरची माणसं उठून जातात." मग ते दुकानात बाकावरच बसू लागले. कुणी जुनं माणूस आलं तरच कात्री हातात घ्यायचे.

परवा ज्याने माझ्या कानाची खाच काढली, तो या तात्यांचा नातू. पंधराची आता रविवारी तीस-पस्तीस झाली आहेत. त्याला रागवायचा मला काय अधिकार? त्या कात्रीला घड्याळ बांधणाऱ्यांत माझा हात पहिला होता.

घाईत नेमकं काय जातं, तेही नीट पाहू या. मशीन वाईट नाही. लिओ वॉल नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९च्या सुमारास विजेचं सुटसुटीत मशीन बाजारात आणलं, तेव्हापासून जगभरच्या कारागिरांची मनगटं वाचली आहेत. पण मशीनच्या पट्टीला फक्त लांबी कळते. एक नंबर म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे सहा. पट्टी सगळीकडे तेवढेच केस ठेवत जाते. डोकं मात्र सगळीकडे सारखं नसतं. कानामागे उंचवटा, मानेपाशी खळगा, भोवऱ्यापाशी केसांची दिशाच वेगळी. कंगव्यावर केस उचलून कात्रीने कापणारा हात हे चढउतार जोखून कापतो. त्याला वेळ लागतो. मशीनने ढोबळ काम उरकून कात्रीने सारखं करायचं, ही चांगल्या कारागिराची रीत. घाईत पहिला अर्धा भाग राहतो आणि दुसरा गळतो.

हे झालं दिसण्याचं. त्याहून गंभीर बाब स्वच्छतेची आहे. न उकळलेल्या, न बदललेल्या पात्यावरून काविळीचा 'बी' प्रकार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. नायटा, गजकर्ण ही दुखणी टॉवेल आणि मशीनच्या पात्यावरून पसरू शकतात. एड्सची भीती गावोगाव पोचल्यापासून दर दाढीला नवं ब्लेड घालायची चांगली सवय बहुतेक दुकानांनी लावून घेतली. पण बाकावर आठजण चुळबुळत असताना मशीनचं पातं पुसणं, टॉवेल बदलणं, हात धुणं, ही प्रत्येकी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची कामं आहेत, आणि घाईची पहिली कुऱ्हाड अशा अर्ध्या मिनिटांवरच पडते. माळशेज घाटात 'अति घाई संकटात नेई' अशा पाट्या आपण वाचतो. त्यातली एखादी सलूनच्या आरशावर लावायला हरकत नाही. मात्र ती बाकाकडे तोंड करून लावावी.

कुणी म्हणेल, जग वेगवान झालं, न्हाव्यानेच का मागे राहायचं? बरोबर आहे. मग वेगाचं एक उत्तम उदाहरण घेऊ. जपानमध्ये १९९६ साली 'क्यूबी हाउस' नावाचं दुकान निघालं. दहा मिनिटांत केस कापून मिळतील, दर एक हजार येन, अशी त्याची जाहिरात होती. पुढे त्याच्या शेकडो शाखा झाल्या आणि दरही वाढले. मला वाटलं होतं, आपल्या फाट्याचाच हा जपानी अवतार असणार. पण त्यांची रीत वेगळी निघाली. ते केस धूत नाहीत, दाढी करत नाहीत, मालिश करत नाहीत. पैसे आधीच यंत्रात भरून चिठ्ठी घ्यायची. कापलेले बारीक केस नळीने ओढून घेतात. थोडक्यात, त्यांनी बाकी सगळं काढून टाकलं आणि दहाची दहा मिनिटं फक्त केस कापायला ठेवली. आपण नेमकं उलटं केलं. टीव्ही ठेवला, फोन ठेवला, तोंडाला लावायचे पाच प्रकारचे लेप ठेवले, आणि मिनिटं कापली ती केसांची. वेग आणि घाई यात हाच फरक आहे. वेग अनावश्यक गोष्टी गाळतो, घाईत आवश्यक तेच गळतं.

यात दोष एकट्या कारागिराचा असता तर प्रश्न सोपा होता. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातली सलून तीन महिने बंद राहिली. २८ जूनपासून ती उघडली, तीही फक्त केस कापायला, दाढीला परवानगी नव्हती. त्या तीन महिन्यांत घरोघर बायकोने नवऱ्याचे, बापाने पोराचे केस कापले आणि हे काम किती अवघड आहे याचा साक्षात्कार सगळ्यांना झाला. मोबाइलवर फोटो फिरले, हसूही झालं. त्याच तीन महिन्यांत रोजच्या कमाईवर जगणाऱ्या कारागिरांच्या घरी चूल कशी पेटत होती, याची चौकशी किती जणांनी केली? दुकानं उघडली, दर थोडे वाढले, तेव्हा आपणच म्हटलं, "लुटायला बसलेत." डोक्यावरच्या एक लाख केसांची निगा राखणाऱ्याला शंभराची नोट देताना आपल्याला वाटतं, दहा मिनिटांचे शंभर? आणि पंचवीस मिनिटं लावली तर आपणच घड्याळ बघतो. म्हणजे जलद केलं तर पैसे जास्त वाटतात आणि सावकाश केलं तर वेळ जास्त वाटतो. या कात्रीत सापडलेल्या माणसाने करायचं तरी काय?

तुम्हीही जरा आठवून पाहा. दुकानाच्या दारात आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? 'काम कसं करतोस?' असं नाही विचारत. विचारतो, 'किती वेळ?' हा प्रश्न आपण डॉक्टरला विचारतो, शिंप्याला विचारतो, मुलाच्या शिकवणीवाल्यालाही विचारतो. बँकेच्या खिडकीशी मलाही हजारो वेळा विचारला गेला. नव्वदच्या दशकात कोणत्या कामाला किती मिनिटं लागावीत, याचे फलक शाखांमध्ये लागले. ते आवश्यकच होते, कारण आमच्यात कामचुकारही होते. पण हळूहळू मिनिटं पाळणं हेच काम होऊन बसलं. पेन्शन घ्यायला आलेल्या म्हातारीला "आजी, औषधं घेता ना वेळेवर?" असं विचारणारा रोखपाल फलकाच्या हिशेबात मंद ठरू लागला. जे मोजता येतं ते टिकलं, जे मोजता येत नाही ते गेलं. तात्यांचा तळहात असाच गेला.

खाच भरून आल्यावर मी एका बुधवारी दुपारी पुन्हा त्या दुकानात गेलो. एकच गिऱ्हाईक होतं, तेही उठत होतं. मी फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, "तात्यांचा नातू ना तू?" मग माझी ओळख सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे गुरुजींचे तुम्ही! आजोबा सांगायचे, गुरुजींचं डोकं अर्धं ठेवून आलो होतो म्हणून." आम्ही दोघंही हसलो. मग मी पंधराच्या आकड्याची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "काका, मला मुद्रा योजनेत कर्ज मिळालं ना, तेव्हा त्या साहेबांनी पण हेच विचारलं. रोज किती होतात?"

त्याने हिशेब मांडला. गाळ्याचं भाडं नऊ हजार, हप्ता चार हजार, वीज अडीच हजार, ब्लेड-टॉवेल-साहित्य तीन हजार. साडेअठरा हजार झाले. दुसऱ्या दोन खुर्च्यांवरचे कारागीर निम्म्या वाट्यावर असतात, पण ते कधी सोडून जातील याचा नेम नाही, त्यांच्यावर हिशेब बांधता येत नाही. म्हणजे महिन्यातली पहिली १८५ डोकी गाळेवाल्याची, बँकेची आणि वीज कंपनीची. एकशे शहाऐंशीवं डोकं त्याचं. मी आयुष्यभर ताळेबंद वाचले, पण इतका स्वच्छ क्वचितच वाचला असेल.

मी म्हटलं, "आज माझे केस कात्रीने काप. वेळ लागू दे. पैसे दुप्पट देतो."

"दुप्पट नको, काका. पण रविवारी येत जाऊ नका, असे आडवारी या. कात्रीचं काम आजोबांनी शिकवलंय मला. कोणी मागतच नाही, तर दाखवू कुणाला?"

मला वाटतं, या पोराने प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा नेमकं दिलं. घाई कमी व्हावी असं वाटत असेल, तर ज्यांच्या हाती वेळ आहे अशा आम्हा निवृत्त मंडळींनी रविवारची गर्दी वाढवायचं सोडावं. शनिवार-अमावास्येच्या समजुती ज्यांना पाळायच्या त्यांनी पाळाव्यात, पण मंगळवार-बुधवार-गुरुवार तर मोकळे आहेत! दुकानदारांनी दोन दर लावावेत, मशीनचा वेगळा आणि कात्रीचा वेगळा, आणि कात्रीला किती मिनिटं लागतील ते अभिमानाने लिहावं. घाई असेल त्याने पहिला दर द्यावा, त्यात कमीपणा नाही. आणि आपण 'किती वेळ?' हा प्रश्न जरूर विचारावा, पण उत्तर 'अर्धा तास' आलं तर ते कौतुकाने ऐकायची सवय लावून घ्यावी. माझ्या जुन्या व्यवसायबंधूंना एकच सांगणं. रकान्यात आकडा लिहिण्याआधी समोरच्याला विचारा, एवढं काम तू नीट करू शकशील का? नुसतं करू शकशील का, असं नको.

त्याने कापड बांधलं. मशीनला हात लावला नाही. तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि सावकाश मागेपर्यंत नेला. काही बोलला नाही, मीही बोललो नाही. मग कंगवा आणि कात्रीचा तो जुना आवाज सुरू झाला.

निम्मं काम झालं असेल, तेवढ्यात एक ट्रकवाला दारात डोकावला. "किती वेळ?"

पोराने आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "अर्धा तास लागंल, दादा."

ट्रकवाला निघून गेला. त्याच्याबरोबर शंभर रुपयेही फाट्याच्या गर्दीत गेले. निघताना मी दोनशे ठेवले. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "दुप्पट नाही देत. शंभर माझे आणि शंभर त्या ट्रकवाल्याचे."